जिवंत भावाचं पान

पुकामायू, २१ ऑगस्ट १८२५

टिबुर्सियो,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांनी माणूस बहिणीला लिहितो, आणि किती? तर चार ओळी!

ला पासहून आलेल्या खेचरवाल्याने ते माझ्या दुकानात आणून टाकलं. मला वाटलं मक्याच्या भावाचं काही असेल, म्हणून चुलीपाशी उभी राहूनच उघडलं. पहिली ओळ होती, ‘मी जिवंत आहे.’ मी मक्याच्या पोत्यावर बसले. तीच ओळ वाचत राहिले. पुढच्या तीन ओळींकडे बघायला मला फुरसतच नव्हती. तेवढ्यात मक्याच्या चिचाचा अख्खा हंडा उतू गेला, चूल विझली, आणि शेजारची पेत्रोना धावत आली. ‘अगं मेल्चोरा, अंगणात दारूचा पूर आलाय नि तू बसून हसतेस काय?’ मी म्हटलं, येऊ दे पूर.

मग बाकीच्या तीन वाचल्या. ‘तू मला गाडलंस. तुझ्यामुळे सुटायच्या दिवशी सुटलो नाही. आईला सांग, तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही.’

नको ठेवूस. पण पाय जागेवर आहेत ना दोन्ही? तेवढं तरी लिहायचंस.

गाडलं ते चुकून. प्रेत नदीत दोन दिवस पडून होतं, चेहरा राहिला नव्हता आणि अंगावर तुझा पोंचो होता. माझ्या जागी कुणीही फसलं असतं. यापलीकडे त्यात काही नाही.

आता इकडचं ऐक. आई ठीक आहे. डोळे जवळजवळ गेले, जीभ शाबूत आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. ज्याच्यासाठी तीन वर्षं रडली तो ला पासमध्ये जेवतोय म्हटल्यावर तिचं काळीज थांबलं तर? धीर गोळा करतेय.

आणि तू किती मोठा झालास ते तुला ठाऊकच नाही. ऑल सोल्सला, मेलेल्यांच्या सणाला, तुझं पान मांडलं की दर वर्षी अख्खं खोरं यायचं. जो येईल तो प्रार्थना म्हणायचा आणि तुझी एक गोष्ट सांगायचा. पहिल्या वर्षीच्या गोष्टीत तुझ्याबरोबर चारशे माणसं होती, दुसऱ्या वर्षी हजार, तिसऱ्या वर्षी मी मोजायचं सोडलं. तुझी ती कथलाची तोफ आठवते? तिसऱ्याच बाराला फुटली आणि आपल्याच लोकांच्या भुवया जाळून गेली, ती? ती आता एका बारात राजाचे चाळीस घोडेस्वार उडवते. तुझी उंचीही मेल्यापासून चार बोटं वाढली आहे. लोक तुला जनरल म्हणतात. देवळापुढे लावायला तुझ्या नावाचा दगड घडवायला दिलाय. आता देश स्वतंत्र झाला म्हणून सगळे खूश आहेत, पण तू मेला नाहीस हे कळल्यावर त्या दगडवाल्याचं तोंड कसं होईल, मला बघायचंय.

ऑल सोल्सच्या आत घरी ये. राग घेऊनच ये, घर मोठं आहे.

तुझी बहीण,
मेल्चोरा


पुकामायू, १८ सप्टेंबर १८२५

टिबुर्सियो,

या खेपेला सहा ओळी. प्रगती आहे.

तू लिहितोस, ‘पोंचो मी गोंडे शिवायला तुझ्याकडेच ठेवून गेलो होतो. तो नदीतल्या माणसाच्या अंगावर कसा गेला? खरं सांग, नाहीतर पुन्हा लिहू नकोस.’

मला वाटलं होतं, तू विसरला असशील. दहा वर्षं डोंगरात लढाया करणाऱ्याला गोंडे कसे लक्षात राहतात रे?

बरं. खरं सांगते.

तुमचा वरच्या खिंडीत मोड झाला, त्याला दोन दिवस झाले होते. राजाचा कॅप्टन गावात आला. त्याने अकरा पुरुष देवळाच्या आवारात बांधून बसवले. पेत्रोनाचा नवरा इलारियो त्यातच होता, आणि तो आंधळा बासरीवाला. कॅप्टन म्हणाला, ‘परवा दुपारपर्यंत टिबुर्सियो आर्नेस माझ्यापुढे आला पाहिजे. जिवंत नाहीतर मेलेला. नाही आला तर हे अकराच्या अकरा.’ बोलताना तो संत्रं सोलत होता. मला त्याचा चेहरा आठवत नाही, ते संत्रं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर मका धुवायला गेले, तर खडकात एक माणूस अडकलेला. खिंडीतून वाहत आलेला. तुझ्याएवढाच, तुझ्याच वयाचा. तो तू नाहीस हे मला लांबूनच कळलं. मी घरी गेले, तुझा पोंचो आणला, त्याच्या अंगात घातला. ओला माणूस किती जड असतो ते मी तुला सांगत बसत नाही. मग केस सोडले आणि ओरडत गावात शिरले.

कॅप्टनने मला क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. घेतली. पाद्रीबाबा समोर उभे होते. तरी त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, आईला आणा. आईला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, सांगायला वेळच कुठे होता? तिला दोघांनी धरून आणलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अशी किंकाळी फोडली की कॅप्टनसुद्धा मागे सरला. संध्याकाळी अकरा जण सुटले. आणि मी घरी जाऊन भिंतीवर डोकं आपटलं, कारण मी माझ्या आईला मुलगा मेल्याचं खोटं सांगितलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं.

मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत तुझा निरोप येईल, मग तिला हळूच सांगेन. निरोप आला नाही. आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तुझे कपडे नदीवर धुवून जाळावे लागले. अख्खा गाव बघत होता. तुझा निळा सदराही जाळला, आता येऊन मागू नकोस. मग पहिल्या वर्षाचं पान. मग दुसऱ्या. जिवंत माणसाचे मेलेल्याचे विधी करू नयेत, तो खरंच ओढला जातो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मग मी काय करत होते? पानावरच्या प्रत्येक पोळीबरोबर मी तुला एकेक पाऊल तिकडे ढकलत होते. तिसऱ्या वर्षी निरोप द्यायचा असतो. शिदोरी बांधून वेशीपर्यंत न्यायची, आणि घरातल्या मोठ्या भावंडाने म्हणायचं, ‘जा, आता मागे वळू नकोस.’ मोठी मीच. म्हटलं. म्हणताना माझी खात्री झाली होती की तू कुठेतरी मेलास आणि मीच तुला मारलं.

आता तुला कळेल, तुझी पहिली ओळ वाचून मी का हसत बसले.

तू लिहितोस, दोन वर्षांपूर्वी तळ्यावर कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा तू आपलं खरं नाव सांगितलंस आणि आपल्याच लोकांचा अधिकारी हसला. म्हणाला, आर्नेसला त्याच्या सख्ख्या बहिणीने पुरलंय, तू कोण बहुरूपी? आणि होडी तुला न घेता गेली. पुन्हा दोन हिवाळे तळ्यातल्या त्या कैद्यांच्या बेटावर. हे माझ्यामुळे झालं. कबूल.

पण एक सांगते. खिंडीखाली तुला पकडलं तेव्हा तू साधा खेचरवाला म्हणून सांगितलंस आणि त्यांनी मानलं. का मानलं? तुझा तो मोडका दात बघून? नाही. आर्नेसला शोधायचं कामच संपलं होतं. नाहीतर त्यांनी तुला त्या होडीपर्यंत जिवंत पोचू दिलं असतं?

हे भांडायला लिहिलं नव्हतं. लिहिलं गेलंय, राहू दे.

पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, अकरा माणसं होती ती. आणि तरी माझं चुकलं. दोन्ही एकदम खरं कसं असतं मला सांगता येत नाही. तुझे दोन हिवाळे मी परत देऊ शकत नाही. मला माफ कर, टिबू.

आईला अजून सांगितलेलं नाही. भित्री आहे मी. कॅप्टनपुढे उभी राहिले, पण तिच्यापुढे गेले की दुसरंच काही बोलून येते.

मेल्चोरा


पुकामायू, १६ ऑक्टोबर १८२५

टिबू,

तू उत्तर दिलं नाहीस. खेचरवाला म्हणाला, पत्र हातात दिलं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि ‘ठीक’ म्हणून गेला. ठीक म्हणजे काय रे? ठीक येतो, की ठीक मेलीस तरी चालेल?

असो. आज लिहिल्यावाचून राहवत नाही. आईला सांगितलं.

ती अंगणात उन्हात बसून कणसं सोलत होती. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. म्हटलं, ‘आई, घट्ट हो. तुझा टिबू जिवंत आहे.’

ती सोलतच राहिली. मग म्हणाली, ‘कागद कधी आला?’

‘ऑगस्टात.’

‘ऑगस्टात! आणि आता सांगतेस? दोन महिने मला लटकत ठेवलंस, टवळे!’ आणि हातातलं कणीस माझ्या खांद्यावर मारलं. ‘बरा आहे ना? जेवतो ना?’

मी म्हटलं, ‘आई, तुला धक्का नाही बसला?’

‘कसला धक्का? तो मेलाय असं मी कधी म्हटलं?’

‘अगं, तू त्या प्रेतावर पडून रडलीस! अख्खं गाव साक्षीला आहे!’

‘मग काय करणार? तू क्रुसावर हात ठेवून मोकळी झालीस, तिथे अकरा जणं बांधलेली, आणि मी म्हणू, हा माझा नव्हे? डोळे गेलेत माझे, हात नाही गेले. टिबूला सातव्या वर्षी खेचराने लाथ मारली, त्याच्या टाळूला केवढी खोक आहे. त्या बिचाऱ्याचं डोकं गुळगुळीत होतं.’

मी तिथेच मातीत बसले. तीन वर्षं, टिबू! तीन वर्षं मी तिला फसवतेय म्हणून जळत होते, आणि ती बाई मला दाखवायला रडत होती, कारण तिला वाटत होतं, माझ्या तोंडून निघालं तर गाव जाईल. मी ओरडले, ‘मग मला एकटीला असताना सांगायचं नाही?’

‘आणि तू नाही का सांगायचंस? मला वाटलं, लेकीला गुपित ठेवायचंय, ठेवू दे. गावात शिपाई होते. तुझ्या दुकानात दोन पेले पोटात गेले की शिपाई बोलतात, तशी तूही बोलतेस.’

मग मला पानाची आठवण झाली. तुझ्या पानावर काय वाढायचं ते आईच ठरवायची, मेलेल्याच्या आवडीचंच वाढायचं असतं. आणि ती दर वर्षी काय वाढायला सांगायची? गुळातला भोपळा. तळ्यातल्या माशाचं कालवण. आंबून गेलेली चिचा. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, ‘आई, भोपळा बघून तो ताटावरून उठायचा.’ तर म्हणाली होती, ‘तू गप. त्याचं मला ठाऊक.’ मला वाटलं, म्हातारी चळली. पेत्रोनालाही वाटलं. गावात कुजबुज झाली की दुःखाने आईचं डोकं फिरलं, मुलाची आवडसुद्धा आठवत नाही.

मी विचारलं, ‘म्हणजे तो भोपळा...?’

‘मग! जिवंत मुलाचं पान मांडायचं आणि वर त्याच्या आवडीचं वाढायचं? वासाने ओढला गेला असता तो, कुठे असेल तिथून. म्हटलं, असं वाढा की आत्मा दारात आला तरी नाक मुरडून परत जाईल.’

मी हसले की रडले मला माहीत नाही. दोन्ही झालं असेल, कारण पेत्रोना पुन्हा धावत आली. तिला सांगून टाकलं. आता अख्ख्या गावाला ठाऊक आहे. इलारियो टोपी काढून अंगणात आला, माझ्यापुढे उभा राहिला, मग गेला, आणि थोड्या वेळाने अर्धं बकरं घेऊन परत आला.

तर टिबू, मी तुला ढकलत होते तेव्हा ती तुला मागे ओढत होती. माझ्या छातीवरचा धोंडा गेलाय. आता फक्त तू राहिलास. ‘ठीक’ म्हणजे काय ते येऊन सांग.

मेल्चोरा


पुकामायू, १३ नोव्हेंबर १८२५

प्रिय टिबू,

तू राजधानीला, चुकिसाकाला निघाल्याला आठ दिवस झाले. तू सांगून गेलास तो कागद सोबत पाठवतेय, सरकारच्या मृतांच्या यादीतून तुझं नाव काढायला लागेल तो. कागद पाद्रीबाबांनी लिहिला. ‘मी, मेल्चोरा आर्नेस, शपथेवर सांगते की १८२२ साली मी खोटी शपथ घेतली.’ इथे त्यांनी लेखणी थांबवली. ‘बाई, तेव्हाही तू याच क्रुसावर हात ठेवला होतास. सरकारने कुठल्या शपथेवर विश्वास ठेवायचा?’ मी म्हटलं, ‘माणूसच समोर उभा राहणार आहे, त्याच्या टाळूवर हात फिरवून बघू देत.’ त्यांनी तेही लिहिलंय, खालून चौथी ओळ. रागावू नकोस.

दगडवाला येऊन गेला. दगड तयार आहे, तुझं नाव कोरून झालंय. म्हणाला, एवढं काम केलंय, चाळीस-एक वर्षं ठेवून देतो.

आता जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते.

तू आलास ते बरोबर पहिल्या तारखेला, भर दुपारी, आत्म्यांसाठी घंटा वाजत असताना. मुद्दाम केलंस की काय, देव जाणे. पेत्रोनाने हातातलं मडकं टाकलं आणि वेलीच्या मांडवाखाली लपली. आईने तुझी टाळू चाचपली आणि दोन थोबाडीत दिल्या, मग जेवायला वाढलं. तू बकऱ्याच्या दोन तंगड्या खाल्ल्यास तेव्हा कुठे पेत्रोना मांडवाखालून बाहेर आली, ‘आत्मे नुसता वास घेतात, हा हाडंसुद्धा ठेवत नाहीये’ म्हणत.

सगळं आईच्या हातून खाल्लंस. मी वाढलेल्या वाडग्याला हात लावला नाहीस. मी पाणी पुढे केलं, तू उठून रांजणातून घेतलंस. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, ठीक आहे. जिवंत आहे, समोर आहे, माझ्यावर रागावलेला आहे. मेलेला भाऊ रागावतही नाही. मी स्वतःशी असं म्हणत होते आणि चुलीमागे जाऊन डोळे पुसत होते.

नदीतल्या त्या माणसाचं पान आम्ही यंदा मांडलं. आई म्हणाली, तीन वर्षं त्याला तुझ्या नावाने उपाशी ठेवलं, आणि वर भोपळा खायला घातला. त्याचं पहिलं वर्ष आता. त्याची आवड कुणाला ठाऊक? म्हणून सगळंच केलं. पण प्रार्थनेला कुणी येईना. लोक दारापर्यंत यायचे, तुला बघायचे, हात मिळवायचे, आणि निघून जायचे. बिननावाच्या माणसासाठी काय म्हणायचं, ते कुणालाच सुचत नव्हतं. ज्याने प्रार्थना म्हटली त्याला पानावरची पोळी द्यायची असते. माझ्या पोळ्या टोपलीत तशाच पडून होत्या. आत्म्यांच्या परतीची वेळ होत आली होती.

तेव्हा तू उठलास. हॅट काढलीस. पानापुढे गुडघे टेकलेस आणि मोठ्याने, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालास, ‘देवा, माझ्या नावाखाली झोपलेल्या या भावाला सांभाळ. याच्यामुळे अकरा माणसं घरी गेली. याच्या आईला कुणीतरी सांग की याला चांगल्या घरच्या बायकांनी धुतलं, चांगल्या पोंचोत गुंडाळलं, आणि याच्यासाठी कुणीतरी रडलं.’ मग सगळी प्रार्थना म्हटलीस, एकही शब्द न गाळता. बाहेर माणसं टोप्या काढून उभी राहिली.

आणि मग तू वळलास. प्रार्थना म्हणणारे करतात तसा पोंचोचा ओचा दोन्ही हातांनी धरलास आणि माझ्यापुढे पसरलास. आईपुढे नाही, माझ्यापुढे.

मी टोपलीत हात घातला, पण मला पोळी उचलताच येईना.

तू म्हणालास, ‘ताई, दे की. भूक लागलीय.’

टिबू, मी सगळी टोपलीच तुझ्या ओच्यात उलटी केली ना, ती गडबडीत नव्हे. लोक हसले, आई ओरडली की बाकीच्यांना काय देशील. मला ऐकू येत होतं. तू एक पोळी तिथेच उभ्या उभ्या खाल्लीस, माझ्याकडे बघत, आणि तुझ्या मिशीला पीठ लागलं. ते पुसायला मी हात पुढे केला तेव्हा तू मागे सरला नाहीस.

कागद जपून ने. भिजवू नकोस. आणि काम झालं की घरी ये, मी चिचासाठी मका भिजत घातलाय.

तुझी ताई,
मेल्चोरा